गरम झाल्यावर सुरू न होणारी जीटीओ: आधी कार्बोरेटरच्या तोंडात बघा, मग पार्ट मागवा

इंजिन थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू होते, हायवेवर तासभर मस्त पळते, टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही, मग तुम्ही गॅस स्टेशनवर नाहीतर डायनरला थांबता, पंधरा-वीस मिनिटांनी येऊन चावी फिरवता आणि नुसतं घर्र घर्र, सुरू व्हायचं नावच नाही. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडं टाकून बसलात की काहीच झालं नव्हतं अशी सुरू होते. मेकॅनिककडे नेली की तिथे पोचेपर्यंत थंड झालेली असते, तो म्हणतो काही प्रॉब्लेम नाही, आणि पुढच्या शनिवारी परत तेच.

मी जे लिहितोय ते १९६७ च्या पॉन्टिॲक जीटीओवरून, ४०० क्युबिक इंचाचं इंजिन आणि वर रॉचेस्टर क्वाड्राजेट, म्हणजे चार गळ्यांचा (बॅरलचा) कार्बोरेटर. पण शेव्हेल असो, मस्टँग असो की चार्जर, कार्बोरेटर आणि मेकॅनिकल पंप असलेल्या त्या काळच्या कुठल्याही व्ही-८ ला यातलं ऐंशी टक्के लागू पडतं. आणि माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो: हा एक आजार नाही, तीन वेगळे आजार आहेत आणि लक्षण मात्र एकच. पेट्रोल जास्त झालंय, पेट्रोल पोचतच नाहीये, किंवा करंटचा घोळ आहे. तिघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे कुठला आहे हे कळल्याशिवाय इंटरनेटवर वाचून पार्ट मागवत बसलात तर डिकीत डब्यांचा ढीग लागेल आणि गाडी तशीच राहील.

निदान करायची वेळ एकच, गाडी रुसलेली असते ती पहिली पाच मिनिटं. तेव्हा सेल्फ मारत बसू नका. एक चांगली टॉर्च, एक मल्टिमीटर, एक साधा स्पार्क टेस्टर, जाड हातमोजे आणि पेट्रोलच्या आगीला चालणारं फायर एक्स्टिंग्विशर एवढं सामान कायम गाडीत ठेवा, यातलं शेवटचं तर ठेवाच ठेवा, कारण आपण गरम लोखंडावर उघड्या पेट्रोलशी खेळणार आहोत. सिगारेटवाला मित्र असेल तर त्याला लांब पाठवा.

आता एअर क्लीनरचं वरचं नट काढा, तो उचलून बाजूला ठेवा, चोकचं पातं बोटाने उघडं धरा आणि टॉर्च पुढच्या दोन लहान बॅरलमध्ये मारा. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही अजून. क्वाड्राजेटचे पुढचे दोन गळे लहान असतात आणि मागचे दोन चांगले मोठे, साध्या चालवण्यात काम पुढचेच करतात. आत व्हेंच्युरी, म्हणजे पेट्रोल हवेत सोडणाऱ्या अरुंद नळ्या, दिसतील. त्यांच्या टोकाशी पेट्रोलचा थेंब जमतोय, पडतोय, परत जमतोय असं दिसलं, खाली थ्रॉटलची पाती ओली चकचकीत दिसली आणि वर उन्हातल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तशी वाफ दिसली, तर पेट्रोल जास्त झालंय, गाडी ओव्हर आहे. सगळं कोरडं असेल तर थ्रॉटलचा लिव्हर हाताने एकदा पूर्ण दाबा, ॲक्सिलरेटर पंपाच्या दोन बारीक धारा उडायला पाहिजेत. नुसती फुसफुस झाली किंवा काहीच आलं नाही तर बाऊल, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, रिकामा आहे. आणि कोरडं आहे पण धारा व्यवस्थित येतायत, तर पेट्रोलचा विषय सोडून द्या, करंटकडे वळा. बस, निम्मी लढाई इथे जिंकली.

आधी ओव्हरवाली केस, कारण जीटीओत बहुतेक वेळा हीच सापडते. त्या क्षणी सुरू करायची असेल तर ॲक्सिलरेटर तळाला टेकवून धरा, पंप अजिबात करू नका, दर पंपाला आणखी पेट्रोल आत जातं. पाय तसाच ठेवून सेल्फ मारा, हवा आत जाऊन जास्तीचं बाहेर पडेल, थोडी खोकत, काळा धूर सोडत सुरू होईल. घरी गेल्यावर डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदला, पातळ झालेल्या ऑइलवर हे इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगांशी वैर.

हे होतं का? इंजिन बंद केलं की फॅन बंद, पाणी फिरायचं बंद, पण साधारण ३०० किलोचं तापलेलं बीड तसंच आहे, त्याची उष्णता वर चढते आणि वर काय आहे तर कार्बोरेटर. म्हणूनच त्रास लगेच होत नाही, पंधरा ते तीस मिनिटांच्या खिडकीत होतो. पाच मिनिटांत परतलात तर ठीक, तासाने परतलात तर ठीक, मधल्या वेळेत आलात की अडकलात. पेट्रोलचे हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळायला लागतात, बाऊल आणि खालच्या विहिरीत बुडबुडे येतात आणि ते बुडबुडे पेट्रोल ढकलत व्हेंच्युरीतून इनटेकमध्ये ओततात.

जीटीओत हे जास्त का, याचं उत्तर तिच्या जन्मातच आहे आणि मला ती गोष्ट लहानपणापासून पाठ आहे. पुण्यात रद्दीवाल्याकडे मिळणाऱ्या जुन्या अमेरिकन मासिकांतून मी ती तुकड्यातुकड्याने जमवली होती. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या साइझच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिॲकमध्ये जॉन डिलोरीअन चीफ इंजिनिअर, त्याने बिल कॉलिन्स आणि रस गी यांच्यासोबत मोठ्या पॉन्टिॲकचं ३८९ चं इंजिन टेम्पेस्टमध्ये बसवलं आणि नियमाला बगल द्यायला त्याला नवीन मॉडेल न म्हणता टेम्पेस्ट लमाँचं ऑप्शन पॅकेज म्हणून १९६४ ला विकायला काढलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या आणि १९६६ ला ९६,९४६. ज्या गाडीचं बेसिक इंजिन २१५ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर, तिच्या बॉनेटखाली सव्वासहा लिटरच्या वरचं व्ही-८ बसवलंय, १९६७ ला तर ते साडेसहा लिटरचं झालं. मोकळी जागा उरली किती? गरम हवा बाहेर पडणार कुठून? हे लक्षात ठेवलं की पुढचे उपाय आपोआप पटतात.

दुसरं कारण आजचं पेट्रोल, आणि हे नीट समजून घ्या कारण याने भलेभले गोंधळतात. अमेरिकेत उन्हाळ्यात पेट्रोलच्या वाफेच्या दाबावर सरकारी मर्यादा असते (पीएसआय हे दाबाचं माप), १ जून ते १५ सप्टेंबर पंपावरचं पेट्रोल साधारण ९ पीएसआयच्या आत लागतं, आणि आमच्या आग्नेय मिशिगनच्या काही काउंट्यांत तर ७ च्या आत. १५ सप्टेंबरनंतर हिवाळी पेट्रोल यायला लागतं, थंडीत गाड्या पटकन सुरू व्हाव्यात म्हणून ते मुद्दाम जास्त उडणारं केलेलं असतं, कडक थंडीत १५ पीएसआयपर्यंत जातं. म्हणजे ऑगस्टच्या उकाड्यात डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या मेळ्यात दिवसभर रांगेत रांगलेली गाडी सप्टेंबरअखेरच्या छान हवेत डोकं फिरवते, आणि मालक म्हणतो अरे ऊन तर काहीच नाही, मग हा उष्णतेचा प्रॉब्लेम कसा असेल! उष्णतेचाच आहे, पेट्रोल बदललंय. त्यात वर १० टक्के इथेनॉल, त्याने मिश्रण आणखी लवकर उकळतं. काही मरीनांवर बोटींसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं, पण ते बहुतेक ९० ऑक्टेनचं, आणि या इंजिनाचं कॉम्प्रेशन कागदावर १०.७५, त्यामुळे सरळ टाकी भरू नका, नॉकिंग होईल. प्रीमियमच घाला आणि गाडी दुरुस्त करा.

उपायांत सगळ्यात आधी हीट रायझर बघा, कारण तो बघायला पैसे लागत नाहीत. एका बाजूच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तोंडाशी एक झडप असते, वर वेटोळी स्प्रिंग, थंडीत ती झडप बंद राहून एक्झॉस्टचा गरम धूर इनटेक मॅनिफोल्डच्या खालून फिरवते म्हणजे कार्बोरेटर लवकर गरम होतो. मिशिगनच्या मिठाच्या रस्त्यांवर गेलेल्या गाडीत ती गंजून बंद अवस्थेत अडकलेली सापडते, आणि मग जुलै महिन्यातसुद्धा पूर्ण वेळ कार्बोरेटरच्या बुडाखाली शेगडी चालू. इंजिन थंड असताना हाताने हलवून बघा, मोकळी फिरली पाहिजे. नाहीतर गंज सोडवणारं तेल मारून, रात्रभर ठेवून, हलक्या हाताने ठोकून मोकळी करा. गाडी फक्त उन्हाळ्यात काढत असाल तर कायमची उघडी बांधून टाका, माझं मत विचाराल तर सरळ बांधाच.

एवढ्याने भागलं नाही तर इनटेकचं पॅकिंग बदलताना मधलं एक्झॉस्टचं भोक बंद करणारी स्टीलची पातळ पट्टी घाला. याने कार्बोरेटरखालची उष्णता खूप कमी होते. पण एक गोष्ट विसरू नका: १९६७ च्या पॉन्टिॲकला चोकची बायमेटल स्प्रिंग त्याच गरम जागेवर मॅनिफोल्डवर बसलेली असते. तिला उष्णता मिळाली नाही की चोक उघडायला फार वेळ घेईल आणि गाडी काळा धूर ओकत राहील. म्हणून भोक बंद केलं की चोक इलेक्ट्रिक करून घ्या, नाहीतर एक दुखणं काढून दुसरं घेतलं असं होईल.

कार्बोरेटरखाली फिनॉलिकचा (उष्णता न पोचवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) अर्धा इंच स्पेसर घालणं हा मला सगळ्यात आवडणारा उपाय आहे, साधा, परत काढता येणारा, आणि फरक हाताला जाणवतो, वीस मिनिटांनी बाऊलला हात लावून बघा. ॲल्युमिनियमचा स्पेसर घेऊ नका, तो उष्णता थांबवत नाही, पोचवतो. घेण्याआधी बॉनेट बसतं का ते बघायचं, एअर क्लीनरच्या नटावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा ठेवा, बॉनेट हळू बंद करून उघडा, गोळा चपटा होऊन जेवढा जाड उरला तेवढी जागा. स्पेसरपेक्षा ती चांगली जास्त हवी, कारण टॉर्क बसला की इंजिन उचलतं. कार्बोरेटर वर गेल्यावर थ्रॉटलचा रॉड परत ॲडजस्ट करा, घरातल्या कोणाला तरी पॅडल पूर्ण दाबायला सांगून बॅरल पूर्ण उघडतायत हे डोळ्यांनी बघा.

एक फाटा इथे आहे. थेंब पडतायत ते बाऊल उकळतोय म्हणून की नीडल (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय म्हणून? गाडी बंद केल्याबरोबर पंप ते कार्बोरेटर लाइनमधला रबरी तुकडा क्लॅम्पने दाबून टाका. तरी थेंब पडत राहिले तर बाऊलच उकळतोय, वरचे उपाय करा. थेंब थांबले तर लाइनमधलं पेट्रोल तापून फुगतंय आणि नीडलला ढकलून आत शिरतंय, मग नीडल-सीट बदला आणि फ्लोट (बाऊलमध्ये तरंगून नीडल बंद करणारा तुकडा) तपासा. क्वाड्राजेटचा जुना काळा फोमचा फ्लोट वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो, बुडत जातो, लेव्हल वर चढते. नवीन फ्लोट शेजारी ठेवून काट्यावर वजन करा, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

आता कोरडी केस. पंप पुढे इंजिनला चिकटलेला, टाकी पार मागे, म्हणजे पंप पूर्ण लांबीची लाइन ओढून पेट्रोल आणतो, आणि ओढलेल्या पेट्रोलवर दाब कमी म्हणून ते आणखी लवकर उकळतं, पंपात वाफ भरते आणि वाफ काही ढकलली जात नाही. बोरघाट चढताना जुन्या फियाट आणि ॲम्बेसेडरवाले बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते याचसाठी, आणि ते शास्त्र पक्कं आहे, इथे रस्त्यावर अडकलात तर तुम्हीही तेच करा. अमेरिकेत जुने लोक पेट्रोलच्या लाइनला लाकडी कपड्यांचे चिमटे लावतात, अजूनही शोमध्ये दिसतात, त्यांच्यावर माझा भरवसा नाही, एवढ्याशा लाकडाने लाइन थंड होत नाही. खरा उपाय म्हणजे लाइन कुठून जातेय ते बघणं. फॅक्टरीची स्टीलची लाइन पुढून, ब्लॉकपासून अंतर राखून वाकवलेली असते. मधल्या कुठल्यातरी मालकाने ती कापून रबरी होज टाकलेली असते आणि ती आरामात मॅनिफोल्डवर पहुडलेली. मूळ आकाराची वाकवलेली लाइन तयार मिळते, ती बसवा. रबर जिथे लागेलच तिथे ३०आर९ शिक्का असलेली होज घ्या, जुनी होज इथेनॉलने आतून सुटते आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो.

एसीवाल्या गाड्यांना त्या काळी जीएम बऱ्याचदा रिटर्न लाइन द्यायची, म्हणजे पंपाचं जास्तीचं पेट्रोल आणि वाफ परत टाकीत. तुमच्या गाडीला नसेल तर तिसऱ्या नळीचा पंप किंवा फिल्टर आणि टाकीपर्यंत एक बारीक लाइन टाकून घेता येते. काम कटकटीचं आहे, गाडीखाली पूर्ण दिवस जातो, पण पेट्रोल फिरतं राहतं म्हणून थंड राहतं आणि बंद केल्यावर लाइनमधला दाबही निघून जातो, म्हणजे ओव्हर आणि कोरडी दोन्हींवर लागू पडतं. इलेक्ट्रिक पंप टाकायचाच असेल तर टाकीजवळ टाका, पुढे नाही, आणि ऑइल प्रेशर स्विचवरून जोडा म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप बंद. ॲक्सिडेंटमध्ये चालू राहिलेला पंप गाडी जाळतो.

चार दिवस उभी राहिली की थंडगार असताना सुरू व्हायला त्रास देते, ही तक्रार वेगळी आहे, यात मिसळू नका. ते क्वाड्राजेटच्या बुडाशी असलेले वेल प्लग (पेट्रोलच्या विहिरी खालून बंद करणारी बुचं) झिरपतायत, किंवा पेट्रोल नुसतं उडून जातंय. वेल प्लग स्वच्छ करून पेट्रोलला टिकणाऱ्या इपॉक्सीने बंद करतात.

तिसरी केस करंटची. गरम असताना टेस्टर लावून स्पार्क बघा, निळा कडक पाहिजे, पिवळा मरतुकडा आला तर कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दम तोडतोय. आणि एक खूण मुद्दाम लक्षात ठेवा: सेल्फ चालू असेपर्यंत काही नाही, पण चावी सोडली त्या क्षणी इंजिन पकडतं. या गाड्यांत कॉइलला नेहमी रेझिस्टन्स वायरमधून कमी व्होल्टेज जातं, फक्त सेल्फ मारताना स्टार्टरच्या सोलेनॉइडवरून वेगळ्या वायरने बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मिळतं. ती वायर तुटली असेल, तापून कडक झाली असेल किंवा कोणी जोडलीच नसेल तर सेल्फच्या वेळी कॉइल उपाशी. कॉइलच्या प्लसवर मीटर लावून सेल्फ मारा, बॅटरीच्या टोकांवर त्या वेळी जेवढं दिसतं त्याच्या जवळपास दिसायला हवं.

सेल्फच जड फिरत असेल तर स्टार्टर एक्झॉस्टशेजारी भाजतोय. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे शंभर अंशाने तापलेल्या वायंडिंगमध्ये तो ४० टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि गंजलेलं अर्थिंग असेल तर उरलंसुरलं तिथे जातं. सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर धरा, पाव व्होल्टच्या वर दिसलं तर आधी केबल आणि टर्मिनल, स्टार्टर नंतर. स्पार्कचं टायमिंगही बघा, फॅक्टरीने ६ अंश दिलंय, बरेच जण पिकअपसाठी बारा-चौदा करतात, मग गरम इंजिन सेल्फला उलटा धक्का देतं. एवढं सगळं ठीक असेल तर स्टार्टरला हीट शील्ड.

बरेच दुकानदार दहा मिनिटं ऐकून सांगतात की कार्बोरेटर काढा, फ्युएल इंजेक्शन बसवा. बसवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण क्वाड्राजेटचे मागचे दोन गळे उघडतात तो घुमणारा आवाज ऐकायलाच तर ही गाडी घेतली, आणि अर्ध्या इंचाच्या फिनॉलिकने सुटणाऱ्या प्रॉब्लेमसाठी तो आवाज घालवणं मला पटत नाही. शिवाय स्टार्टर किंवा अर्थिंगचा दोष असेल तर इंजेक्शन बसवूनही तो तिथेच राहणार.

दुरुस्त झालं हे ठरवायची पद्धत: अर्धा-पाऊण तास चालवा, शेवटची दहा मिनिटं सिग्नलवाल्या रस्त्याने, मग बंद करून बॉनेट मुद्दाम बंद ठेवा आणि वीस मिनिटांनी ॲक्सिलरेटरला हात न लावता सेल्फ मारा. जुलैत पास झाली म्हणून खूश होऊ नका, सप्टेंबरअखेर हिवाळी पेट्रोल टाकीत असताना, ऊन पडलेल्या दिवशी हीच टेस्ट परत करा. आणि लाइन किंवा होजला हात लावला असेल तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा, टिश्यूला वास आला तरी क्लॅम्प परत आवळा.